अग्निपिंडाच्या कर्करोगातील गुप्त प्रसाराचा शोध

अग्निपिंडाच्या (स्वादुपिंडाच्या) कर्करोगावर शस्त्रक्रिया ठरलेली असताना, बाहेरून केलेल्या तपासण्यांत न दिसलेला रोगाचा दूरवरचा प्रसार शोधून काढण्याच्या पद्धतींचा हा ऐतिहासिक आढावा आहे. मूळ अर्बुदापासून (गाठीपासून) सुटलेल्या कोशिका (पेशी) रक्त, लसीका किंवा उदरगुहेतील द्रव यांच्यामार्फत अन्यत्र जाऊन रुजतात व तेथे दुय्यम गाठ तयार होते. तिला प्रक्षेप म्हणतात. अग्निपिंडाच्या कर्करोगाचे प्रक्षेप बहुधा यकृतात आणि पर्युदरावर (उदरगुहेच्या अस्तरावर) आढळतात. सुरुवातीस ते मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. एवढी लहान गाठ छायाचित्रणात दिसत नाही, हाताला लागत नाही आणि रुग्णाला तिची जाणीवही होत नाही. असा प्रसार झालेला असल्यास मूळ गाठ कितीही कौशल्याने काढली, तरी रोग बरा होत नाही. त्यामुळे प्रसार आहे की नाही हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी सुटणे रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते.

अग्निपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे वसलेले असते. त्याचे शीर्ष ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या) कमानीत असते, तर पुच्छ प्लीहेपर्यंत पोहोचते. शीर्षातील गाठ जवळून जाणारी पित्तनलिका दाबते, त्यामुळे कावीळ होते व रोग तुलनेने लवकर लक्षात येतो. मध्यभागातील व पुच्छातील गाठीला असा वाचा फोडणारा शेजारी नसतो. ती बरीच वाढेपर्यंत गप्प राहते. म्हणूनच या भागांतील कर्करोगात गुप्त प्रक्षेपांचे प्रमाण शीर्षातील कर्करोगापेक्षा अधिक आढळते. निदान होते त्या वेळी १०० पैकी सुमारे १५ ते २० रुग्णांतच गाठ काढता येण्यासारखी असते.

शरीरावरील खुणा : एकोणिसाव्या शतकातील वैद्यांजवळ उदरातील प्रसार ओळखण्यासाठी डोळे आणि बोटे एवढीच साधने होती. जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी १८४८ मध्ये उदरातील कर्करोग व डाव्या हासळीवरील सुजलेली लसीका ग्रंथी यांचा संबंध नोंदविला. फ्रेंच वैद्य शार्ल त्र्वाझिए यांनी १८८९ मध्ये त्याचा विस्ताराने अभ्यास केला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील शस्त्रक्रियाविशारद लूटव्हिख कूरव्हॉझिए यांनी १८९० मध्ये असे दाखविले की, कावीळ झालेल्या रुग्णाचे पित्ताशय फुगलेले हाताला लागत असेल, तर कारण पित्ताचे खडे असण्याची शक्यता कमी असते. पित्तनलिकेच्या टोकाशी असलेल्या अर्बुदाचा संशय त्यावरून घेता येऊ लागला. बेंबीत उमटणाऱ्या कठीण गाठीला सिस्टर मेरी जोसेफ या परिचारिकेचे नाव मिळाले. अमेरिकेतील विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या या परिचारिकेने, रुग्णाची कातडी स्वच्छ करताना ही गाठ लागली म्हणजे पोटात पसरलेला रोग सापडतो, हे हेरले होते. गुदद्वारातून बोट घालून श्रोणीच्या तळाशी लागणारा कठीण थर ही आणखी एक खूण होती. या सर्व खुणा आजही विद्यार्थ्यांना शिकविल्या जातात. तथापि ज्या रुग्णात त्या सापडतात त्यात प्रसार गुप्त राहिलेला नसतोच. खरी अडचण खुणा नसलेल्या रुग्णाची होती.

शस्त्रक्रियेचा उदय : अग्निपिंडाचे शीर्ष व ग्रहणी एकत्र काढण्याचा प्रयत्न इटलीत आलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांनी १८९८ मध्ये केला, त्यांचा रुग्ण फार दिवस वाचला नाही. बर्लिनच्या व्हाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वीपणे केली व १९१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये सहकाऱ्यांसह दोन टप्प्यांत केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला आणि पुढे त्यांचेच नाव तिला चिकटले. काविळीत रक्त न गोठण्याचा धोका के जीवनसत्त्वामुळे आटोक्यात आला आणि १९४० पासून व्हिपल ती एकाच बैठकीत करू लागले. या शस्त्रक्रियेत अग्निपिंडाचे शीर्ष, ग्रहणी, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग व बहुधा जठराचा काही भाग काढून उरलेली तीन टोके आतड्याला जोडावी लागतात. अग्निपिंडाचा जोड सुटला, तर पाचक रस पोटात गळून आसपासच्या रक्तवाहिन्या पोखरल्या जातात. १९७० पूर्वीच्या अनेक अहवालांत या शस्त्रक्रियेनंतर चारांपैकी जवळजवळ एक रुग्ण रुग्णालयातच दगावल्याचे आढळते. ही स्थिती पाहून अमेरिकी शस्त्रक्रियाविशारद जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनी १९७० मध्ये, गाठ काढण्यापेक्षा पित्ताला व अन्नाला वळसा घालून वाट करून देणेच बरे, असे प्रतिपादन केले. त्यांचे मत मान्य झाले नाही. पण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. ज्यांच्या पोटात रोग आधीच पसरला होता, अशा रुग्णांनाही ही जोखीम घ्यावी लागत होती.

जंतुसंसर्ग हे या मृत्यूंचे एक प्रमुख कारण होते. प्रतिजैविके आल्यावर त्यात मोठा फरक पडला. भारतात ही औषधे सुरुवातीस आयातच होत. पुण्याजवळ, कासारवाडीच्या पुढचेच स्थानक असलेल्या पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आज कासारवाडी, पिंपरी व चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील हा आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होय. उदरातील मोठ्या शस्त्रक्रिया देशी रुग्णालयांतून धीटपणे होऊ लागण्यास जी पार्श्वभूमी तयार झाली, तिचा हा एक भाग समजावा लागतो.

बर्नहाइम यांची नळी : प्रसार शोधण्यासाठी पोट पूर्ण उघडण्याची गरज नाही, ही कल्पना व्हिपल यांच्या शस्त्रक्रियेहून जुनी आहे. जर्मनीतील गेओर्ख केलिंग यांनी १९०१ मध्ये हँबर्ग येथील शास्त्रज्ञांच्या संमेलनात कुत्र्याच्या पोटात हवा भरून मूत्राशयदर्शकाने आतील इंद्रिये पाहून दाखविली. स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टिआन याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसांवर, मुख्यतः जलोदराच्या रुग्णांवर, हा प्रयोग केला. त्यानंतर वर्षभरातच बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बर्ट्रम बर्नहाइम यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा पहिला रुग्ण विशेष महत्त्वाचा आहे. तो विख्यात शस्त्रक्रियाविशारद विल्यम हॉल्स्टेड यांचा काविळीचा रुग्ण होता आणि त्याला अग्निपिंडाचा कर्करोग असल्याचा संशय होता. प्रसार झाला आहे काय हे पाहण्यासाठी बर्नहाइम यांनी पोटाच्या वरच्या भागात लहान छेद घेतला, गुदाशय तपासण्याची साधी नळी आत सरकविली व कपाळावरील विजेच्या दिव्याचा प्रकाश तीतून आत टाकून पाहिले. प्रक्षेप दिसले नाहीत. नंतर पोट उघडल्यावर हा निष्कर्ष बरोबर ठरला. आज ज्या तपासणीला अग्निपिंडाच्या कर्करोगाची अवस्था ठरविणारे उदरदर्शन म्हणतात, तिचा उद्देश व क्रम या एका प्रसंगात जवळजवळ पूर्ण आलेला आहे.

असे असूनही ही कल्पना सुमारे सहा दशके पडून राहिली. जर्मनीतील हाइन्ट्स काल्क व लॉस अँजेल्सचे जॉन रडक यांनी उदरदर्शनाचा मोठा अनुभव जमविला (रडक यांनी १९३७ मध्ये ५०० रुग्णांचा वृत्तांत दिला), परंतु ते मुख्यतः यकृताच्या व पोटाच्या आजारांच्या निदानापुरते राहिले. हंगेरीतील यानोश व्हेरेश यांची १९३८ मधील सुरक्षित सुई व ब्रिटिश भौतिकीविज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९६० च्या सुमारास रचलेली दंडभिंगांची मालिका यांनी उपकरण सुधारले. तरीही शस्त्रक्रियाविशारदांनी त्याकडे पाठच फिरविली. मोठा छेद घेऊन हाताने चाचपडणे हेच खरे निदान, अशी त्यांची धारणा होती. या धारणेला एक व्यावहारिक आधारही होता. गाठ काढता येण्यासारखी नाही असे आढळले, तरी उघडलेल्या पोटात पित्ताशय किंवा पित्तनलिका आतड्याला जोडून कावीळ उतरविता येत असे, तसेच जठराला पर्यायी वाट करून देता येत असे. त्यामुळे पोट उघडणे अगदीच वाया गेले, असे सहसा वाटत नसे.

महाराष्ट्रातील उदरदर्शन : मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात (स्थापना १८४५) तेहेमतन उदवाडिया (१९३४–२०२३) यांनी १९७२ मध्ये सामान्य शस्त्रक्रियाशास्त्रात निदानासाठी उदरदर्शन वापरण्यास सुरुवात केली. त्या काळी भारतात हे उपकरण बहुतांशी स्त्रीरोगतज्ञांच्या हाती होते. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ आणि ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हे शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. उदवाडिया यांच्यासमोरची निकड वेगळी होती. सार्वजनिक रुग्णालयात दीर्घकाळ पोटदुखी, जलोदर, वजन घटणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या गरीब रुग्णांचे निदान महागड्या यंत्रांवाचून कसे करावे, हा त्यांचा प्रश्न होता. छेददर्शन यंत्रे दुर्मिळ असलेल्या त्या वर्षांत एका लहान छिद्रातून यकृत, पर्युदर व आतडी प्रत्यक्ष पाहता येत आणि संशयित भागाचा तुकडाही काढता येत असे. सहव्यवसायिकांपैकी अनेकांनी या पद्धतीची उपेक्षा केली. ३१ मे १९९० रोजी याच रुग्णालयात उदवाडिया यांनी भारतातील पहिली उदरदर्शकीय पित्ताशयछेदन शस्त्रक्रिया केली, तेव्हा कुठे या तंत्राकडे पाहण्याची दृष्टी पालटली. निदानार्थ उदरदर्शनाच्या ३० वर्षांच्या अनुभवाचा आढावा त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले.

भारतीय अनुभवाने या विषयात एका महत्त्वाच्या सावधगिरीची भर घातली. पर्युदरावर विखुरलेले पांढरे बारीक दाणे पाश्चात्त्य देशांतील रुग्णात दिसले, तर कर्करोगाचा प्रसार हा पहिला विचार असतो. भारतात तेच दाणे क्षयरोगाचेही असू शकतात. दोन्हींत जलोदर होतो, रुग्ण खंगतो आणि वपा (आतड्यांवरील चरबीयुक्त पडदा) आखडून जाड होते. अग्निपिंडाजवळच्या क्षयग्रस्त लसीका ग्रंथींचा गोळा तर छायाचित्रात हुबेहूब अर्बुदासारखा दिसू शकतो. क्षय औषधांनी बरा होतो, तर पसरलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेचा विचार सोडून द्यावा लागतो. केवळ डोळ्यांवर विसंबून निर्णय घेतला, तर बरा होणारा रुग्ण असाध्य ठरविला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे दाण्याचा तुकडा काढून त्याची जीवोतक परीक्षा केल्याखेरीज प्रसाराचे निदान पक्के मानावयाचे नाही, हा दंडक भारतात दुप्पट काटेकोरपणे पाळावा लागतो. शस्त्रक्रियागृहातच तुकडा गोठवून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय असल्यास हा निर्णय काही मिनिटांत मिळतो. ती सोय नसलेल्या रुग्णालयात उदरदर्शन एका दिवशी व मूळ शस्त्रक्रिया काही दिवसांनी असे दोन टप्पे करावे लागतात.

कल्पनेचे पुनरुज्जीवन : स्कॉटलंडमधील डंडी येथील आल्फ्रेड कुशिएरी यांनी १९७८ मध्ये अग्निपिंडाच्या कर्करोगातील उदरदर्शनाच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयातील अँड्र्यू वॉर्शॉ यांनी १९८६ मध्ये दाखविले की, संगणकीकृत छेददर्शनात (सीटी तपासणीत) काही न दिसलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत यकृताच्या पृष्ठभागावर, वपेवर किंवा पर्युदरावर बारीक प्रक्षेप असतात. बर्नहाइम यांचा विचार या वेळी रुजला, याचे कारण केवळ चांगली भिंगे नव्हते. १९८० च्या सुमारास हँबर्गच्या नीब झोएहेंद्र व सहकाऱ्यांनी, तोंडावाटे घातलेल्या अंतर्दर्शकातून पित्तनलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवून कावीळ उतरविण्याची पद्धत सुरू केली. आता पित्ताला वाट देण्यासाठी पोट उघडण्याची गरज उरली नाही. त्याबरोबर, गाठ काढता येत नाही एवढेच समजण्यासाठी घेतलेला मोठा छेद निव्वळ नुकसानीचा ठरू लागला. ज्याच्या हाती काही महिन्यांचेच आयुष्य आहे, अशा रुग्णाचे कित्येक आठवडे त्या जखमेतून सावरण्यात जात आणि तेवढ्याने रासायनी चिकित्साही लांबत असे. एका क्षेत्रातील सुधारणेने दुसऱ्या क्षेत्रातील जुनी सवय निरर्थक ठरावी, याचे हे चांगले उदाहरण होय.

जठराच्या अडथळ्याबाबत मात्र मतभेद राहिले. बॉल्टिमोरच्या कीथ लिलमो व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील चाचणीत, पोट उघडल्यावर गाठ काढता न आलेल्या व जठराला पर्यायी वाट न दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे १९ टक्क्यांत पुढे अन्नमार्ग अडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातील अहवालात, उदरदर्शनाने शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या १५५ रुग्णांपैकी फारच थोड्यांना नंतर अशा शस्त्रक्रियेची गरज पडली. पहिल्या गटातील बऱ्याच जणांची मूळ गाठ स्थानिक पातळीवर मोठी होती, तर दुसऱ्या गटात दूरचे प्रक्षेप असलेले व अल्पायुषी रुग्ण अधिक असावेत. त्यामुळे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. याच न्यूयॉर्क केंद्रातील केव्हिन कॉन्लन व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील मालिकेत, उदरदर्शनानंतर गाठ काढता येईल असा निर्वाळा मिळालेल्या ६७ रुग्णांपैकी ६१ जणांची गाठ प्रत्यक्षात काढता आली.

तपासणीची रीत : रुग्णाला पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ सुमारे एक सेंमी. छेद घेतात व पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरतात. तिरकस दृष्टीच्या दुर्बिणीने प्रथम चारही बाजूंचे पर्युदर, मध्यपटलाची (श्वासपटलाची) खालची बाजू आणि यकृताचे दोन्ही खंड पाहतात. नंतर वपा उचलून आडव्या बृहदांत्राच्या मुळाशी व लहान आतड्याच्या आरंभाशी असलेली जागा तपासतात. घाईत ती सुटते आणि नेमके तेथेच प्रक्षेप दडलेले असतात. शेवटी श्रोणीचा तळ पाहतात. यकृताच्या गाभ्यातील लहान गाठी पृष्ठभागावरून दिसत नाहीत, म्हणून काही केंद्रांत दुर्बिणीच्या छिद्रातूनच श्राव्यातीत ध्वनीचे शोधक उपकरण यकृतावर टेकवून तपासणी करतात. महारोहिणीलगतच्या लसीका ग्रंथींतील प्रसार मात्र सहसा पोट उघडून, ग्रहणी उजवीकडून मोकळी करून घेतल्यावरच कळतो. हे मोकळे करण्याचे तंत्र टेओडोर कोखर यांनी १९०३ मध्ये सांगितले होते. तेथील ग्रंथी गोठविलेल्या कापांत कर्करोगग्रस्त आढळल्यास पुढे जावे की थांबावे, याविषयी तज्ञांत अजून एकवाक्यता नाही.

डोळ्यांना काहीच दिसत नसतानाही पोटातील द्रवात कर्ककोशिका तरंगत असू शकतात. त्यासाठी गाठीला हात लावण्यापूर्वी पोटात मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून, रुग्णाला इकडेतिकडे कलवून ते परत शोषून घेतात. अपकेंद्री यंत्रात फिरवून खाली बसलेल्या कोशिका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वॉर्शॉ यांनी १९९१ मध्ये दिलेल्या ४० रुग्णांच्या वृत्तांतात सुमारे ३० टक्क्यांत अशा कोशिका सापडल्या. ज्यांच्या गाठीत आधी पोटाच्या कातडीतून सुई घालून नमुना घेतला होता, त्यांत हे प्रमाण बरेच अधिक होते. सुईच्या वाटेने कोशिका सांडतात काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. रुग्णसंख्या लहान असल्याने त्यावरून निर्णायक मत देता येत नाही. परंतु अंतर्दर्शकाच्या टोकावरील श्राव्यातीत उपकरणाच्या साहाय्याने ग्रहणीच्या भिंतीतून नमुना घेण्याची पद्धत पुढे पसंत केली जाऊ लागली, त्यामागे ही भीतीही होती. शीर्षातील गाठीच्या बाबतीत सुईचा हा मार्ग शस्त्रक्रियेत काढून टाकल्या जाणाऱ्या भागातूनच जातो. पाण्यात कर्ककोशिका सापडणे हे आज दूरच्या प्रसाराइतकेच गंभीर मानले जाते.

सरसकट की निवडक : सीटी यंत्रे १९९० नंतर अधिकाधिक सूक्ष्म होत गेली, तेव्हा उदरदर्शनाची गरजच उरलेली नाही, असा पक्ष पुढे आला. त्यात तथ्य होते. पण पर्युदरावरील काही मिमी.चे दाणे उत्तम यंत्रालाही हुलकावणी देतात. कॉक्रेन संघटनेच्या २०१६ मधील समीक्षेत १६ अभ्यासांतील १,१४६ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. सीटी तपासणीत शस्त्रक्रियायोग्य वाटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्के प्रत्यक्षात अयोग्य ठरतात. उदरदर्शन केल्यास हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर येते, म्हणजे १०० रुग्णांमागे सुमारे २१ जणांचा मोठा छेद टळतो, असा तिचा निष्कर्ष होता. तरीही उरलेल्या ७९ जणांना जादा तपासणीचा निदानदृष्ट्या फारसा लाभ होत नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते. म्हणून पुष्कळ केंद्रे ती निवडक रुग्णांतच करतात. गाठ मध्यभागात किंवा पुच्छात असणे, ती मोठी असणे, वजन झपाट्याने घटणे, छायाचित्रात संशयास्पद ठिपका असणे आणि रक्तातील सीए १९-९ या द्रव्याची पातळी फार वाढलेली असणे, ही त्यासाठीची प्रमुख कारणे होत.

सीए १९-९ चा शोध हिलरी कोप्रोव्हस्की व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लावला. त्याचे वाचन मात्र जपून करावे लागते. कावीळ असताना, केवळ पित्त तुंबल्यामुळेही ते वाढते. तर ज्यांच्या रक्तात लुईस गटाचे प्रतिजन जन्मतःच नसते, अशा ५ ते १० टक्के लोकांत कर्करोग पसरला तरी ते वाढत नाही.

भारतातील पुराव्यापैकी पित्ताशयाच्या कर्करोगावरचा एक अभ्यास येथे नोंदविण्यासारखा आहे. हा रोग उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात विशेष आढळतो. दिल्लीतील गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील तज्ञांनी २०१३ मध्ये ४०९ रुग्णांची माहिती दिली. त्यांपैकी ९५ जणांत उदरदर्शनाने पसरलेला रोग आढळला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) अग्निपिंडाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात आणि शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी तेथील अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून मांडला आहे. अशा अनुभवी केंद्रांतून शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आलेले आहे. परळ येथील किरणोत्सर्गी वैद्यक केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिली पॉझिट्रॉन उत्सर्जन छायाचित्रण (पेट) सुविधा सुरू झाली. या तपासणीने यकृतातील व दूरच्या लसीका ग्रंथींतील काही प्रक्षेप उजेडात येतात. पर्युदरावरील बारीक दाण्यांबाबत तिचीही मर्यादा सीटीसारखीच आहे.

उपकरणाच्या पलीकडे : दुर्बीण निर्दोष, पाणी निर्दोष, गाठही पूर्ण निघालेली, आणि तरी वर्षभरात यकृतात प्रक्षेप, असा अनुभव प्रत्येक केंद्राला येतो. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दीर्घकाळ सुमारे एक-पंचमांशाच्या आसपास राहिले, याचे मुख्य कारण हेच. अमेरिकेतील क्रिस्टीन याकोबुझिओ-डोनाह्यू यांच्या गटाने २०१० मध्ये मृत रुग्णांच्या गाठींतील उत्परिवर्तनांवरून असे अनुमान काढले की, पहिल्या बिघडलेल्या कोशिकेपासून मूळ अर्बुद तयार होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो व प्रसाराची क्षमता येण्यास आणखी काही वर्षे जातात. म्हणजे रोग लवकर सापडण्यास अवधी आहे. तो सापडत मात्र नाही. याच गटाशी संबंधित २०१२ मधील एका गणिती प्रतिमानानुसार निदानसमयी १ सेंमी.च्या गाठीत प्रक्षेप असण्याची शक्यता २८ टक्के, २ सेंमी.च्या गाठीत ७३ टक्के व ३ सेंमी.च्या गाठीत ९४ टक्के असते. हे प्रतिमान आहे, मोजणी नव्हे. तरीही गुप्त प्रसार हा अपवाद नसून बहुधा नियमच असावा, असे ते सुचविते.

यामुळे शोधाची दिशा दोन अंगांनी बदलली. बहुसंख्य अग्निपिंडीय कर्करोगांत के-रास या जनुकात उत्परिवर्तन असते, हे १९८८ पासून माहीत आहे. ते उत्परिवर्तन असलेले डीएनएचे तुकडे रक्तात किंवा पोट धुतलेल्या पाण्यात शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांना नेहमीच्या उपचारांत पक्के स्थान मिळालेले नाही. दुसरे अंग साधे आहे. शस्त्रक्रियेच्या आधी काही महिने रासायनी चिकित्सा देतात आणि नंतर पुन्हा तपासतात. चार प्रभावी औषधांची संयुक्त योजना २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ही पद्धत, विशेषतः रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या गाठींच्या बाबतीत, वाढली आहे. गुप्त प्रक्षेप या अवधीत वाढले तर ते दिसू लागतात व रुग्णाची निष्फळ शस्त्रक्रिया टळते. येथे काळ हेच तपासणीचे साधन झाले आहे.

महाराष्ट्रात या सर्व तंत्राचा उपयोग रुग्ण कोणत्या टप्प्यावर पोहोचतो यावर अवलंबून राहतो. दुखणे नसलेली कावीळ ही शीर्षातील गाठीची ठळक खूण असते; परंतु कावीळ म्हटली की पथ्य, गावठी मुळी, गळ्यातील माळ किंवा ती ‘उतरविणारा’ जाणकार यांच्याकडे जाण्याची रीत शहरांतही टिकून आहे. विषाणुजन्य कावीळ आपोआप बरी होत असल्याने या उपायांवरचा विश्वास वाढतो आणि अर्बुदाच्या काविळीत त्यापायी काही आठवडे निघून जातात. दुसरी अडचण रुग्णालयांतच उद्‌भवते. कासारवाडी–पिंपरीसारख्या औद्योगिक पट्ट्यातील रुग्ण जवळच्या रुग्णालयातून पुण्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या केंद्राकडे पाठविला जातो, तेव्हा पुष्कळदा कावीळ उतरविण्यासाठी पित्तनलिकेत नळी आधीच बसविलेली असते. नळीमुळे आसपास आलेल्या सुजेने छायाचित्र गढूळ होते. गाठीची कड व रक्तवाहिन्यांशी असलेला तिचा संबंध नीट दिसत नाही. म्हणून नळी घालण्यापूर्वीच अग्निपिंडाची सविस्तर सीटी तपासणी उरकावी, असा संकेत आहे. तीव्र जंतुसंसर्ग किंवा फार वाढलेली कावीळ नसेल, तर नळी न घालता थेट शस्त्रक्रिया करणेही शक्य असते.

निदानार्थ उदरदर्शन व मुख्य शस्त्रक्रिया एकाच भुलेखाली करावयाची असल्यास त्यातून निघणारे दोन्ही निर्णय रुग्णाला व नातेवाइकांना आधी समजावून सांगून संमतिपत्र घेतले जाते. आठ तासांची शस्त्रक्रिया अपेक्षित असताना शस्त्रक्रियाविशारद अर्ध्या तासात बाहेर आला, तर त्याचा अर्थ काय, हे बाहेर थांबलेल्या माणसांना त्यामुळे आधीच माहीत असते.